मावशीच्या दातावरचं सोनं

लग्नाच्या मांडवात पंगती उठल्या, पानसुपारी फिरली, की कोणीतरी हाक देतंच, "आता ते दाताच्या डॉक्टरचं होऊन जाऊ द्या!" मी आढेवेढे घेतो. घ्यावेच लागतात, पहिल्या हाकेला उठणाऱ्याला आपल्याकडे मान नाही. मग आचाऱ्याकडून नारळाच्या दोन करवंट्या मागवतो, एकीवर एक धरतो, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढतो आणि सुरू करतो, "या, बसा. घाबरू नका. आधी समजून घ्या."

करवंट्या म्हणजे जबडा. माणसं हसून लोळतात. नक्कल संपली की त्यांना वाटतं गोष्ट संपली. ती तिथे संपत नाही. मी तिथे थांबतो, कारण पुढचं मांडवात सांगण्यासारखं नाही. इथे मांडव नाही, आचारी नाही, नवरानवरी नाहीत. तेव्हा सगळंच सांगतो.

हा डॉक्टर लोणावळ्याच्या बाजारात, किराणा दुकानाच्या माडीवर बसायचा. जिना लाकडी होता आणि इतका कुरकुरायचा, की वर चढणारा आधीच निम्मा घाबरलेला असे. खोलीत एक खुर्ची, शिलाई मशीनसारखं पायानं मारायचं दात कोरण्याचं यंत्र, आणि टेबलावर प्लॅस्टरचा उघडझाप करणारा जबडा. गोल माणूस, गोल चेहरा, पांढरा कोट पोटावर ताणलेला. दात दुरुस्त करण्यापेक्षा दात समजावून सांगण्यात त्याचा जीव. रोगी कळवळत असे आणि हा जबडा उघडून उभा.

आणि काय समजावायचा! प्रत्येकाला त्याच्या धंद्यातलं. रेल्वेच्या फिटरला म्हणे, "हा दात म्हणजे रूळ. शेजारचा काढला की हा सरकणार, आणि रूळ सरकला की काय होतं ते तुम्ही मला सांगायला नको." बंगलेवाल्या शेठाणीला म्हणे, "हा आपला बंगला. गळतीकडे लक्ष दिलं नाही तर मे महिन्यात येऊन बघाल काय, नुसत्या भिंती!" चिक्कीवाल्याला गुळाचा पाक, पोस्टमनला पायातली वहाण. मी तेव्हा स्टेशनावर तिकिटं देण्याच्या खिडकीत नुकताच बसू लागलो होतो, संध्याकाळी हौशी नाटकात काम करत होतो. दात दुखत नसतानाही मी त्या माडीवर जाऊन बसायचो. असा नट फुकट बघायला कुठे मिळणार?

तर एकदा जवळच्याच औंढ्याहून माझी मावशी दाढेखाली लवंग धरून आली. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दिराच्या मुलाकडे, म्हणजे तिच्या पुतण्याकडे राहायची आणि दोन माणसांचं काम एकटी करायची. आवाज असा, की खाचरात भात लावायला उभी राहून हसली तर बांधापलीकडची बैलं माना वर करत. सगळं तोंड उघडून हसायची. तोंड मिशरीनं काळं, पण उघडं.

डॉक्टरनं तिला खुर्चीत बसवलं, आत डोकावला, आणि जबडा हातात घेतला. मी कोपऱ्यात सावरून बसलो. माझ्या मावशीला आता काय मिळतंय, रूळ की बंगला?

"बाई, भाताचं खाचर करता ना?"

"व्हय."

"बांधाला खेकडा भोक पाडतो. पाणी कुठे जातं?"

"खालच्याच्या खाचरात," मावशी म्हणाली. "आन् त्यो म्हनतो माजंच हाय."

"बरोबर! तुमच्या या दाताला खेकड्यानं भोक पाडलंय. तीन वाटा आहेत. एक, दात उपटायचा. दोन, भोक स्वच्छ करून त्यात चांदी भरायची. पण भोक मोठं आहे, बाजूची भिंत पातळ झालीय, चांदी टिकेल याचा भरवसा देत नाही. तीन, दात चारी अंगांनी कोरून बारीक करायचा आणि वरून सोन्याची टोपी बसवायची."

"आन् खेकडा आतच ऱ्हायला तर?"

असा प्रश्न डॉक्टरला शेठाणीनंही विचारला नव्हता. "खेकडा आधी काढायचा. मग टोपी."

"टोपी निसटत न्हाई?"

"कशी निसटेल? सिमेंटनं बसवतो."

"शिमिट!" मावशी खुर्चीत सरळ झाली. "वळवनच्या धरनाला हाय त्ये?"

"त्याहून पक्कं. कायमचं काम. मरेपर्यंत निघायचं नाही."

"आन् मेल्यावर?"

डॉक्टर असा हसला की कोटाचं बटण ताणलं. "मेल्यावरही नाही, बाई! सोबत येईल!"

हे वाक्य मी मांडवात करतो आणि त्यालाच सगळ्यात जास्त हशा येतो. त्या दिवशी मीही हसलो. मावशी मात्र हसली नाही. ती जबड्याकडे बघत गप्प झाली, आणि मावशी गप्प झाली म्हणजे काहीतरी ठरत आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

जिना उतरल्यावर तिनं मला किराणा दुकानाच्या फळीशेजारी थांबवलं, टोपीच बसवायची म्हणाली आणि कारण सांगितलं.

आपल्याकडे माणूस गेलं की मुखात तुळशीपत्र, गंगाजल आणि सोन्याचा कण घालतात. त्या घरात त्यासाठी एक मणी होता. एकच. सासरा गेला तेव्हा तो मणी त्याच्या ओठाला लावला, आणि तिरडी उचलायच्या आत काढून, धुऊन, परत डबीत. सासू गेली, तोच मणी. मावशीचा नवरा गेला, तोच. "त्येंच्या तोंडातनं काडताना म्या बगितलं रं," ती म्हणाली. "दिरानं दोन बोटं घातली, आन् आपल्या धोतराला पुसला. जल्मभर राबलेल्या मानसाला उष्टा मनी, आन् त्योबी माघारी. मला त्यो मनी नगं. माजं सोनं माज्या तोंडात आसंल, आन् कुनाच्या बापाला काडता यायचं न्हाई. शिमिट लावलंय म्हनावं."

मला वाटतं, लोणावळ्याच्या त्या माडीवर दात वाचवायला पुष्कळ लोक गेले असतील. स्वतःच्या मरणाची सोय करायला गेलेली माझी मावशी एकटीच.

पुढच्या खेपेला तिनं कनवटीची गाठ सोडून टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. मंगळसूत्राच्या. नवरा गेल्यावर उतरवून ठेवलेल्या, तिच्या स्वतःच्या, माहेरून आलेल्या. डॉक्टरनं आणखी काही समजवायच्या आत तिनं एक वाटी उचलून दातावर लावून बघितली आणि म्हणाली, "आशीच बसंल की. कशाला वितळिवता?"

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. मग त्यानं तिला मेणाचा ठसा समजावला, ओतकाम समजावलं, निव्वळ सोनं मऊ असतं म्हणून त्यात थोडा दुसरा धातू घालतात तेही समजावलं. ती "बरं, बरं" म्हणत गेली. तिला हवं ते वाक्य तिला आधीच मिळालं होतं. पायानं यंत्र मारत त्यानं दात कोरला तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहिलं, पण खुर्चीचा हात तिनं सोडला नाही. आणि टोपी बसली त्या दिवशी आरसा हातात घेऊन ती इतका वेळ बघत राहिली, की जिन्यावरचा रोगी खोकू लागला. वरच्या ओळीत, सुळ्याच्या मागे, काळ्या तोंडात पिवळी ठिणगी.

"मिशरी मात्र सोडा," डॉक्टर म्हणाला. "हिरड्या खाते ती."

"मिशरी सोडली तर दात कुनासाटी ठिवायचं?" मावशी म्हणाली आणि तोंडभर हसली. तिचं तसं हसणं मी शेवटचं पाहिलं ते त्या खुर्चीत.

कारण औंढ्यात टोपीचा अर्थ वेगळा लागला. नवरा नसलेल्या बाईनं पांढरे केस झाल्यावर सोन्याचा दात बसवायचा म्हणजे काय? पाणवठ्यावर बायका म्हणत, "का गं मावशे, कुनाला बगून हासायचं ठरीवलंय?" पुतण्या जेवताना म्हणे, "आमच्या काकूनं दागिना केला, पन घालाय जागा न्हाई घावली, म्हून तोंडात घातला." त्याची बायको भाकरी थापता थापता, "आत्याबाई, जरा हासा की, अंदार पडलाय," असं म्हणायची. मावशीनं खरं कारण तिथे कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तर मण्याबद्दल सांगावं लागलं असतं, आणि मणी अजून त्याच घरातल्या डबीत होता. ती नुसती पदर तोंडाशी धरून हसू लागली. मग पदर राहिला आणि हसणं गेलं. बैलांनी माना वर करणं बंद केलं.

वर्षं गेली. मी खिडकीतून आत टेबलापर्यंत सरकलो. आणि एकोणीसशे सत्तर साल उलटल्यावर कधीतरी मावशीचा तोच दात हलू लागला. हिरडी मागे सरली होती. पुतण्याला न सांगता ती चालत लोणावळ्याला आली, आणि आम्ही पुन्हा तो जिना चढलो.

डॉक्टर अजून गोल झाला होता. त्यानं दोन बोटांत दात धरून हलवून बघितला, आणि जबडा हातात घेतला. "बाई, घराचं छप्पर शाबूत आहे. भिंत पायातून खचली."

"खेकडा आतच ऱ्हायला की, डॉक्टर."

"खेकडा नाही. खालची मातीच वाहून गेली."

"तुमी म्हनालता कायमचं."

"टोपी कायमची म्हणालो होतो," डॉक्टर अगदी प्रेमानं म्हणाला. "आणि टोपी बघा ना, ओरखडा नाही! दात कायमचा असं मी कुठे म्हणालो?"

या वाक्याची नक्कल मला फार छान जमते. अजूनपर्यंत कुठेच केलेली नाही.

मग त्यानं समजावलं: हा दात काढायचा, उरलेलेही काढायचे, मग वरखाली कवळी बसवायची, गुलाबी हिरडीची, भाकरीसुद्धा चावता येईल. "आणि सोनं तुमचं तुम्हाला परत. कागदात गुंडाळून हातात देतो. मी ठेवून घेणारा माणूस नाही." खरंच तो तसा नव्हता.

मावशी खुर्चीतून उतरली. "हातात दिलेलं सोनं हातातनं काडून घेत्यात," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तितंच."

त्यानंतर तिनं त्या दातासाठी काय केलं ते सांगतो. भाकरी सोडली. भाताची पेज करून प्यायची. सुपारी सोडली, आणि ज्या मिशरीसाठी डॉक्टरला उडवून लावलं होतं ती मिशरीही सोडली. बोलताना जिभेनं दात आतून दाबून धरायची, त्यामुळे बोलणं बोबडं झालं, म्हणून बोलणंही सोडलं. तोंड सुजायचं, पण पुतण्यानं वैद्याकडे चल म्हटलं की मान हलवायची. एका हलत्या दाताची राखण करत म्हातारी बसली होती. मी गेलो की पदर बाजूला करून फक्त मला दाखवायची. आहे. अजून आहे.

ती गेल्याचा निरोप मला सकाळी स्टेशनात मिळाला. माहेरचं लुगडं घालायची रीत. ते घेऊन मी औंढ्याला पोचलो, तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती आणि आत बायका अंघोळ घालत होत्या. ओट्यावर भावकीतली माणसं बसली होती. त्यात भावकीचे एक वडीलधारे आबा. मरणाच्या दारात शास्त्र तेच सांगायचे.

तेवढ्यात पुतण्याची बायको बाहेर आली. हाताची मूठ मिटलेली. "हातातच आला," ती म्हणाली. कोणी काही विचारलं नव्हतं. "म्या वडला न्हाई. तोंड धूताना हातातच आला बया."

मूठ उघडली. दात, मुळासकट, आणि त्यावर टोपी. डॉक्टर खोटं बोलला नव्हता. ओरखडा नव्हता.

मी पुढे झालो. म्हणालो, "तो परत मुखात ठेवा. तिनं त्यासाठीच तो केला होता, तिच्या स्वतःच्या वाट्या मोडून." आणि मी सगळं सांगितलं. तिचं म्हणणं, डॉक्टरचं म्हणणं, सोबत येईल म्हणाला ते. मण्याचंही सांगितलं. नाटकात काम केलेला माणूस मी, माझा आवाज मागच्या ओळीपर्यंत जातो. त्या दिवशी तो ओट्यापर्यंत गेला नाही.

"डाक्टर काय सास्तर जानतो व्हय?" आबा म्हणाले. "सुटला दात म्हंजी हाड. हाड मुकात घालत न्हाईत. सोनं घालत्यात."

"मग टोपी काढून सोनं तेवढं ठेवा, आबा."

"ह्ये बराबर हाय." आबांनी चंचीतून अडकित्ता काढला. ज्यानं ते सुपारी कातरत, तोच. दात अडकित्त्यात धरून दाबला, आणि दाताचा भुगा होऊन टोपी मोकळी झाली. धरणाहून पक्क्या सिमेंटनं एक क्षण दम धरला, इतकंच. आबांनी ती फुंकर मारून पुतण्याच्या हातात दिली.

पुतण्यानं टोपी तळहातावर ठेवून वजन बघितलं. "आबा," तो म्हणाला, "समदीच घालायची? जळूनच जायाची न्हवं."

"सास्तराला कन पुरतो," आबा म्हणाले. "मोहरीयेवडा."

"मग डबीतला मनी..." बायकोनं सुरुवात केली.

"मनी कशाला?" पुतण्या म्हणाला. "हिचंच हाय की हिच्यापुरतं. कातरा, आबा, मोहरीयेवडं."

मी म्हणालो, "भाऊ, ती सगळी तिची आहे."

"माहेरच्यानं लुगडं आनावं," पुतण्या माझ्याकडे न बघता म्हणाला. "आनलंय ना? झालं तर."

एव्हाना मावशीला लुगडं नेसवून बाहेर तिरडीवर ठेवलं होतं. आबांनी टोपीची कड अडकित्त्यात धरली. कट्. आणि कण उडाला.

आता पाहा देखावा. तिरडीवर मावशी, माहेरच्या लुगड्यात, तुळशीपत्रासाठी तोंड जरासं उघडं ठेवलेलं. आणि सगळी भावकी अंगणात ओणवी. कोणी सारवलेल्या जमिनीवरून हात फिरवतंय, कोणी धोतराचा सोगा झटकतंय, कोणी आबांच्या मिशा बघतंय. "हालू नगा, हालू नगा, पायाखाली जाईल!" "हितं चमाकलं!" "गवताची काडी हाय ती." कोंबड्या हाकलल्या, न जाणो टिपला असेल. पुतण्या हातापायांवर तिरडीभोवती फिरला. मावशीच्या जिवंतपणी तो तिच्याभोवती इतका कधीच फिरला नव्हता.

कण सापडला नाही.

"दुसरा कातरा," आबा म्हणाले.

पण पुतण्याच्या हातात आता टोपी नव्हती. ती केव्हाच कमरेला गेली होती. त्यानं गुडघे झटकले, वर सूर्याकडे बघितलं. "उडून तिच्याच तोंडात ग्येला आसंल," तो म्हणाला. "समोरच हुती की उगडं तोंड करून. ऊन व्हायलंय. उचला."

आबांनी थोडा विचार केला. मग तुळशीपत्र ठेवलं, गंगाजल घातलं आणि शास्त्र पुरं झालं असं मानेनं सांगितलं. डबीतला मणी डबीत राहिला. निदान तो उष्टा मणी ओठाला लागून परत गेला असता तरी सासरा, सासू आणि नवरा यांच्या पंगतीत ती बसली असती. तिला तेही मिळालं नाही. मावशी रिकाम्या तोंडानं गेली.

त्या टोपीची पुढे पुतण्याच्या मुलीला नाकातली चमकी झाली. सोनारानं भेसळ आहे म्हणून कुरकुर केली, तेव्हा पुतण्या वर्षभर सांगत होता की काकूला डॉक्टरनं फसवलं. मुलगी गोड आहे, मला मामा म्हणते. तिच्या लग्नातही मला करवंट्या घ्यायला लावल्या होत्या. मी केली नक्कल. समोर ती बसली होती, आणि हसताना चमकी लकाकत होती.

मध्यंतरी माझी दाढ दुखायला लागली, तेव्हा मी तो जिना चढलो. पायाचं यंत्र जाऊन विजेचं आलं आहे, खुर्ची वर-खाली होते. जबडा तोच. डॉक्टरनं आत डोकावून दाढ बघितली, आणि त्याचा चेहरा उजळला.

"आधी समजून घ्या," तो म्हणाला. "तुम्ही रेल्वेतले. हा समजा डबा. चाकं ठीक आहेत, छप्पर गेलंय. सोन्याची टोपी बसवू. हल्ली पांढरीही येते, पण दाढेला सोन्यासारखं काही नाही. कायमचं काम. मरेपर्यंत निघायचं नाही."

"आणि मेल्यावर?"

"मेल्यावरही नाही!" तो पूर्वीसारखाच हसला. त्याला मावशी आठवत नव्हती. का आठवावी?

"मग उपटा," मी म्हणालो. "मागून चारचौघांना अंगणात ओणवं व्हायला लागतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं, जबड्याकडे हात नेला आणि मागे घेतला. मग चिमटा उचलला आणि काहीही न समजावता दाढ काढली.